माळ्यावरच्या फ्लॉपीतला घुमारा

गणेशोत्सव तोंडावर आला की घराघरांतील माळे उघडले जातात. भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक परिसरातील एखाद्या कीबोर्डवादकाच्या घरी समजा असाच माळा उघडला आणि मखराच्या सामानामागून एक पत्र्याचा डबा खाली आला. डब्यात साडेतीन इंची फ्लॉप्यांची चळत. प्रत्येकीवर बॉलपेनने लिहिलेले : 'ढोलकी - काळी दोन', 'डग्गा मींड', 'हलगी', 'व्हायोलिन ग्रुप'. सोबत दोन-तीन सीडी आणि जुन्या व्हीसीआरसारखे दिसणारे, पुढून फ्लॉपीची खाच असलेले एक जड यंत्र. घरातील तरुण मुलगा कुतूहलाने एक फ्लॉपी उचलतो, कॉम्प्युटरला यूएसबी ड्राइव्ह जोडून तिच्यात सरकवतो. पडद्यावर प्रश्न उमटतो : ही डिस्क फॉरमॅट करायची का?

या प्रश्नाला 'हो' म्हटले की सारे संपले. वास्तविक ती फ्लॉपी रिकामी नसते आणि बहुधा बिघडलेलीही नसते. ती ज्या यंत्रासाठी लिहिली गेली त्या यंत्राची मांडणी कॉम्प्युटरला वाचता येत नाही, एवढेच. पण त्या एका होकाराने कोण्या ढोलकीवादकाच्या हातून वीस-तीस वर्षांपूर्वी उमटलेला घुमारा कायमचा पुसला जाऊ शकतो. सॅम्पलर नावाच्या यंत्राने एका पिढीच्या संगीतावर राज्य केले. आता ती यंत्रे अडगळीत गेली आहेत, आणि त्यांच्यासाठी तयार केलेल्या डिस्क त्यांच्याही आधी मरत आहेत. त्या वाचविता येतात. मात्र त्यासाठी त्या डिस्कवर नेमके काय असते, हे आधी समजून घ्यावे लागते.

आवाज लक्षात ठेवणारे यंत्र

सिंथेसायझर विजेच्या लहरींतून आवाज निर्माण करतो. सॅम्पलरचे काम निराळे. तो खऱ्या वाद्याचा आवाज आकड्यांच्या रूपात साठवतो आणि पट्टी दाबली की तो पुन्हा ऐकवतो. सेकंदाला हजारो वेळा ध्वनिलहरीची उंची मोजायची आणि ते आकडे स्मृतीत ठेवायचे, हे त्यामागचे तत्त्व. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले जाते.

एकच आवाज वेगवेगळ्या स्वरांत कसा वाजतो, याचे उत्तर कॅसेटच्या जमान्यातील कोणालाही ठाऊक आहे. कॅसेट वेगाने फिरली की गायकाचा आवाज बारीक होतो, मंदावली की जाड होतो. सॅम्पलरही हेच करतो. साठविलेला स्वर वेगाने वाचला की तो चढतो, हळू वाचला की उतरतो. परंतु फार ताणले की व्हायोलिनचे व्हायोलिनपण जाते. म्हणून कुशल वादक दर तीन-चार पट्ट्यांमागे एक स्वतंत्र ध्वनिमुद्रण करीत असे. हळू आघाताचा आवाज वेगळा, जोरकस आघाताचा वेगळा. लांब स्वरासाठी मधला एखादा तुकडा असा निवडायचा की तो गोल गोल फिरत राहिला तरी जोड ऐकू येऊ नये. याला 'लूप' म्हणतात आणि चांगला लूप साधण्यात रात्रीच्या रात्री जात. कोणता आवाज कोणत्या पट्ट्यांवर बसवायचा, तो कोठून फिरवायचा, कितपत सूर लावायचा, सोडल्यावर किती वेळात विरवायचा, या साऱ्या सूचनांच्या संचाला 'प्रोग्रॅम' म्हणतात. डिस्कवर आवाज आणि प्रोग्रॅम अशा दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहिलेल्या असतात.

या यंत्रांचा प्रवास ऑस्ट्रेलियात सुरू झाला. पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी १९७९ साली 'फेअरलाइट सीएमआय' बाजारात आणले. आठ इंची फ्लॉपीवर चालणारे ते यंत्र सामान्य वादकाच्या स्वप्नातही बसणारे नव्हते. १९८१ मध्ये अमेरिकेतील ई-म्यू कंपनीचा 'इम्युलेटर' आला. १९८३ मध्ये 'मिडी' ही वाद्ये परस्परांना जोडण्याची सामाईक पद्धत रूढ झाली, आणि एका कंपनीच्या कीबोर्डने दुसऱ्या कंपनीचा सॅम्पलर वाजविणे शक्य झाले. त्यानंतर एन्सॉनिकचा 'मिराज', रोलँडचा 'एस-५०', आणि जपानच्या अकाई कंपनीचे १९८६ चे 'एस-९००' व १९८८ चे 'एस-१०००' यांनी सॅम्पलर बड्या स्टुडिओबाहेर आणला.

आजच्या हिशेबाने या यंत्रांची स्मृती हास्यास्पद वाटेल. 'एस-९००' मध्ये ७५० किलोबाइट जागा होती. बारा बिटांच्या दर्जात, सर्वांत वरच्या गतीने मुद्रण केले तर जेमतेम पावणेबारा सेकंद आवाज मावे. 'एस-१०००' मध्ये मुळात दोन मेगाबाइट असत. सेकंदाला ८८,२०० बाइट या हिशेबाने एकेरी ध्वनिमुद्रणाचे ते पावणेचोवीस सेकंद होतात, स्टिरिओ घेतले तर बारा सेकंदही नाहीत. ही स्मृती वाढविता येत असे, पण त्याचे सुटे भाग महाग असत. त्यामुळे काय ठेवायचे आणि काय टाकायचे, याचा निर्णय प्रत्येक मिलिसेकंदाला घ्यावा लागे.

शिवाय ही स्मृती वीज असेपर्यंतचीच. यंत्र बंद केले की सारे आवाज गेले. पुन्हा सुरू केल्यावर फ्लॉपी घालून ते नव्याने भरायचे. अकाईच्या एका पूर्ण भरलेल्या फ्लॉपीत सुमारे १.६ मेगाबाइट माहिती मावते. फ्लॉपी सेकंदाला पाच फेऱ्या घेते आणि तिच्या दोन्ही बाजू मिळून १६० वर्तुळे वाचायची असतात. म्हणजे काहीही न अडखळता वाचन झाले तरी ३२ सेकंद हवेत. मंडळाच्या रंगमंचावर जनरेटर क्षणभर बंद पडला की निवेदकाला हा वेळ शेरोशायरीने भरून काढावा लागे, ते यामुळेच.

मुंबईचा वाद्यमेळ आणि काळी पेटी

मुंबईच्या चित्रपट-संगीताला यंत्रांचे वावडे कधीच नव्हते. केरसी लॉर्ड यांनी सिंथेसायझर येथील ध्वनिमुद्रणात रुजविला. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन वाद्ये घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर बसविले. ती तबकडी तेव्हा फारशी कोणी विकत घेतली नाही आणि पुढे जगभरच्या संगीतप्रेमींनी ती शोधून काढली. मात्र सिंथेसायझर वाद्यमेळात येऊन बसला, तो इतरांच्या बरोबरीने. सॅम्पलरने वाद्यमेळाच्या खुर्च्या रिकाम्या केल्या.

त्यापूर्वी महबूब स्टुडिओ किंवा ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये एका गाण्यासाठी डझनावारी व्हायोलिनवादक एकत्र बसत. त्यांत गोव्याचे कॅथलिक, पारशी, महाराष्ट्रीय, बंगाली असे सारे असत. संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'बिहाइंड द कर्टन' या ग्रंथात या वादकांच्या मुलाखतींतून त्या जगाचा इतिहास मांडला आहे. बहुपट्टी ध्वनिमुद्रण, सिंथेसायझर आणि सॅम्पलर यांनी मिळून १९९० च्या दशकात ही पद्धत मोडीत काढली, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र. एक प्रोग्रॅमर आणि त्याची काळी पेटी तंतुवाद्यांचा सारा ताफा उभा करू लागली, तेव्हा त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांचे रोजचे काम गेले.

म्हणून सॅम्पलरच्या डिस्कविषयी केवळ हळवेपणाने बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या डिस्कवरचा आवाज कोणाच्या तरी हाताचा आहे आणि त्याच आवाजाने कित्येक हातांचे काम हिरावले, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. २०१६ साली 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवून घेतला, त्याचे एवढे अप्रूप का वाटले, याचे उत्तरही येथेच सापडते. माणसांनी भरलेला वाद्यमेळ ऐकण्याची सवय दोन दशकांत सुटली होती.

ढोलकीची फ्लॉपी का बनवावी लागली

परदेशांतून येणाऱ्या डिस्कचे दोन प्रकार होते. पहिला साध्या ऑडिओ सीडीचा. त्यात एकामागून एक आवाज असत. वादकाने ते आपल्या यंत्रात मुद्रित करून कापायचे आणि बसवायचे. दुसरा सीडी-रॉमचा. तिच्यात आवाज आणि प्रोग्रॅम दोन्ही तयार असत. ती ठरावीक कंपनीच्या सॅम्पलरमध्येच उघडे. चेक प्रजासत्ताकातील बेसवादक मिरोस्लाव्ह व्हितूश यांनी चेक फिलहार्मोनिकच्या वादकांकडून तयार करून घेतलेला वाद्यवृंदाचा संच किंवा 'स्पेक्ट्रासॉनिक्स'चा 'हार्ट ऑफ एशिया' हे त्या काळातील नावाजलेले संच.

या डिस्कमध्ये प्रागच्या सभागृहातील व्हायोलिन होते, पण लावणीची ढोलकी नव्हती. आशियाच्या नावाने निघालेल्या संचांतही गोंधळातील संबळ किंवा मिरवणुकीतील हलगी शोधून सापडणे कठीण. महाराष्ट्रातील ऑर्केस्ट्रा, लोककलेचे कार्यक्रम, भावगीतांच्या मैफली, कॅसेट कंपन्यांची भक्तिगीते या सर्वांना लागणारा आवाज बाहेरून येणार नव्हता. तो येथेच करून घ्यावा लागला. अशा डिस्क दुकानात विकत मिळत नसत. स्टुडिओतील कामातून उरलेल्या अर्ध्या तासात एखाद्या ओळखीच्या वादकाला बसवून त्या तयार होत.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. ढोलकीच्या शाईच्या बाजूला 'ना', 'तिं', 'ता' असे खणखणीत बोल निघतात. त्यांचा आवाज लवकर संपतो, त्यामुळे ते थोड्या जागेत मावतात. खरा प्रश्न धुमेचा, म्हणजे डाव्या बाजूचा. तेथे हात घासला की स्वर खालून वर सरकतो, तोच घुमारा. सॅम्पलरने हा आवाज वरच्या पट्टीत वाजविला की स्वर चढतो आणि त्याबरोबर घासण्याचा वेगही वाढतो. खालच्या पट्टीत घुमारा ओढल्यासारखा आळसावतो. तबल्याच्या डग्ग्याचेही हेच. त्यामुळे एक 'घे' पुरत नाही. छोटा, लांब, वर जाणारा, खाली येणारा, बंद केलेला असे पाच-सहा 'घे' स्वतंत्रपणे मुद्रित करून शेजारशेजारच्या पट्ट्यांवर बसवावे लागतात. कोणता कोणाशेजारी बसवायचा, हे वाजविणाऱ्याच्या बोटांच्या सवयीवर ठरे. बारा सेकंदांच्या स्मृतीत ही सारी कुटुंबे नांदवायची म्हणजे घराच्या क्षेत्रफळात सामान बसविण्यासारखेच काम.

हे आवाज पुष्कळदा कीबोर्डवरून न वाजता ऑक्टोपॅडवरून वाजत. रोलँडने १९८५ मध्ये आणलेल्या या आठ चौकटींच्या वाद्याला महाराष्ट्रातील ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पथकांनी इतके आपलेसे केले की 'पॅड' म्हटले की दुसरे काही डोळ्यांसमोर येतच नाही. पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा आवाज नव्हता. काठीचा आघात तो मिडीच्या तारेतून पुढे पाठवी आणि सॅम्पलर आवाज देई. कोणत्या चौकटीवर कोणता बोल, ही वाटणी वादकागणिक बदले. ती वाटणी आज कोठे नोंदलेली असेल तर त्या फ्लॉपीवरच.

डिस्कचे वैरी

फ्लॉपी म्हणजे चुंबकीय लेप दिलेली प्लास्टिकची पातळ चकती. तिचे तीन मोठे वैरी : दमटपणा, बुरशी आणि चुंबक. भाईंदरला तिन्ही बाजूंनी पाणी आणि मिठागरे. खाडीवरून येणारी खारट हवा येथे लोखंडी ग्रिलला वर्षभरात गंज चढविते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत माळ्यावर बंद पडलेल्या फ्लॉपीच्या चकतीवर पांढुरके ठिपके धरतात. ती तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी वाचकाच्या टोकाला चिकटते, आणि पुढे घातलेल्या प्रत्येक चांगल्या फ्लॉपीला ओरखडे पडतात. एका आजारी फ्लॉपीने साऱ्या डब्याचा घात व्हावा, असा हा प्रकार. स्पीकरच्या पेटीवर फ्लॉप्या ठेवण्याची सवयही तितकीच घातक, कारण स्पीकरमध्ये मोठा चुंबक असतो.

सीडीचे दुखणे वेगळे. कारखान्यात छापलेल्या सीडी तुलनेने टिकतात. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. तो थर उन्हाने आणि उष्णतेने फिका पडतो. सीडीच्या चकचकीत वरच्या बाजूला चिकटविलेला कागद किंवा टोकदार पेनने लिहिलेले नाव तिचे आयुष्य कमी करते.

नवी फ्लॉपी आणून जुनीची नक्कल करू, हा मार्गही आता जवळजवळ बंद आहे. सोनीने मार्च २०११ मध्ये जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबविली. त्यातच 'एस-९००' सारख्या यंत्रांना कमी घनतेची फ्लॉपी लागते. जास्त घनतेच्या फ्लॉपीचे भोक चिकटपट्टीने झाकून ती वापरण्याची युक्ती बरेच जण करतात. पण दोन्हींचा चुंबकीय लेप वेगळा असल्याने असे लेखन भरवशाचे राहत नाही.

आधी यंत्र, मग डिस्क

जुने यंत्र खाली उतरविल्यावर पहिला मोह असतो तो प्लग लावून पाहण्याचा. तो टाळावा. मागच्या बाजूला चिकटविलेल्या पट्टीवर यंत्राला किती व्होल्ट लागतात ते लिहिलेले असते. जपानी बाजारपेठेतील यंत्र १०० व्होल्टचे, अमेरिकेतील ११७ ते १२० व्होल्टचे. परदेशी जाणाऱ्या नातेवाइकाकरवी मागविलेली बरीच यंत्रे या प्रकारची असतात. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डला ती थेट जोडली की क्षणात जळतात. त्यांच्यासाठी योग्य क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवा. शिवाय तीस-पस्तीस वर्षांत वीजपुरवठ्यातील कपॅसिटर सुकलेले असतात. लॅमिंग्टन रोडवर ते भाग मिळतात. परंतु बदलण्याचे काम जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे, कारण प्लग काढल्यावरही काही भागांत धोकादायक वीज साठून राहते.

यंत्र सुरू झाले, पण पडदा काळा राहिला, तर निराश होण्याचे कारण नाही. अकाईच्या पडद्यामागील प्रकाश देणारा पापुद्रा कालांतराने विझतो. विजेरीचा तिरपा झोत टाकला की अक्षरे दिसतात. फ्लॉपी ड्राइव्ह फिरत नसेल तर काही जुन्या यंत्रांत आतील रबरी पट्टा वितळून चिकट झालेला असतो. तो बदलता येतो.

यानंतर डिस्ककडे वळावे. प्रत्येक फ्लॉपीचे झाकण हळूच सरकवून उजेडात चकती पाहावी. डाग असलेल्या फ्लॉप्या बाजूला काढाव्यात. चांगल्या फ्लॉपीच्या कोपऱ्यातील छोटी खिडकी सरकवून भोक उघडे ठेवावे. भोक उघडे असले की तीवर चुकूनही काही लिहिले जात नाही. सर्वांत कमी महत्त्वाची फ्लॉपी आधी घालून पाहावी. आवाज भरले गेले की यंत्र ठीक आहे असे समजून पुढे जावे.

सीडी-रॉमसाठी सॅम्पलरला बाहेरून सीडी ड्राइव्ह जोडावी लागते आणि ती जोडणी 'स्कझी' नावाच्या रुंद तारेने होते. या साखळीचे नियम थोडे पण कडक आहेत. साखळीतील प्रत्येक यंत्राला ० ते ७ मधील वेगळा क्रमांक द्यायचा. दोघांचा क्रमांक एक झाला की दोघेही मुके होतात. साखळीच्या दोन्ही टोकांना 'टर्मिनेटर' हवा. आधी ड्राइव्ह सुरू करायची, नंतर सॅम्पलर. वीज चालू असताना तार काढायची किंवा घालायची नाही. 'सीडी खराब आहे' अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी या चार नियमांपैकी एखादा मोडल्यामुळे उद्भवतात.

प्रतिमा आधी, रूपांतर नंतर

आता मूळ प्रश्न : आवाज आजच्या कॉम्प्युटरवर कसे आणायचे? येथे बहुतेकांकडून एक चूक होते. प्रत्येक आवाज वाजवून तो ध्वनिफितीच्या रूपात उतरवून घेतला जातो आणि डिस्क वाचविली असे समाधान मानले जाते. अशाने विटा मिळतात, घर मिळत नाही. लूपच्या जागा, पट्ट्यांची वाटणी, आघातांचे थर, सूर लावण्याचे बारीक आकडे हे सारे प्रोग्रॅममध्ये असते आणि ते मागेच राहते. ज्या वादकाने 'घे'ची पाच रूपे विचारपूर्वक शेजारी बसविली, त्याची कारागिरी नेमकी तेथे होती.

म्हणून पहिली पायरी ही की संपूर्ण डिस्कची बिटागणिक हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये घ्यायची. तिला डिस्क-प्रतिमा म्हणतात. सर्वसाधारण यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह या कामी निरुपयोगी आहे. ती कॉम्प्युटरच्या ठरावीक मांडणीच्या फ्लॉप्याच वाचते. 'ग्रीझवीझल' किंवा 'क्रायोफ्लक्स' ही छोटी सर्किटे जुन्या, आतून बसविण्याच्या फ्लॉपी ड्राइव्हला जोडली की ती चकतीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवितात. मांडणी कोणत्या कंपनीची, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. सीडी-रॉमची प्रतिमा साध्या कॉम्प्युटरवरही घेता येते. अकाईची सीडी कॉम्प्युटरला रिकामी दिसते, म्हणून ती फेकून देऊ नये. प्रतिमा घेणाऱ्या प्रोग्रॅमला ती वाचता येते.

दुसरी पायरी यंत्र जिवंत ठेवण्याची. 'गोटेक' नावाची, फ्लॉपी ड्राइव्हच्याच आकाराची पेटी यंत्रात बसविली की पेनड्राइव्हवरील शेकडो डिस्क-प्रतिमा सॅम्पलरला खऱ्या फ्लॉप्या वाटतात. 'स्कझी'च्या बाजूने 'ब्लूस्कझी', 'झुलूस्कझी' अशी सर्किटे हेच काम मेमरी कार्डवरून करतात. तीसुद्धा आपल्या सॅम्पलरशी जुळतात की नाही हे तपासून घ्यावीत. काढलेली मूळ ड्राइव्ह मात्र टाकू नये. एखादी हट्टी फ्लॉपी तिनेच वाचली जाते.

रूपांतर ही तिसरी पायरी. अकाई, रोलँड, ई-म्यू यांच्या मांडणीतून आजच्या संगीत-प्रणालींत प्रोग्रॅमसह आवाज नेणारी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. तरीही रूपांतर अचूक होईलच असे नाही. फिल्टर आणि आवाजाच्या उतारचढावाचे आकडे एका यंत्रातून दुसऱ्यात जसेच्या तसे उतरत नाहीत. प्रतिमा हाताशी असेल तर उद्याच्या अधिक चांगल्या सॉफ्टवेअरने तेच काम पुन्हा करता येते. प्रतिमा नसेल तर आजची चूक हीच अंतिम प्रत ठरते.

आणि चौथी गोष्ट, जी केवळ जुन्या यंत्रासाठी खरी आहे. बारा बिटांच्या सॅम्पलरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाला त्याचा स्वतःचा खरखरीतपणा, त्याचे स्वतःचे वजन असते. जुन्या गाण्यातील ठेका कानाला भरीव लागतो, त्यात मूळ ढोलकीइतकाच त्या यंत्राचाही वाटा असतो. म्हणून निवडक प्रोग्रॅम यंत्रातून प्रत्यक्ष वाजवून, चांगल्या ऑडिओ इंटरफेसवर मुद्रित करून ठेवणे हितावह.

हक्क कोणाचा, हात कोणाचा

विकत घेतलेल्या सॅम्पल डिस्कबरोबर एक परवानापत्र येत असे आणि बहुतेकांनी ते न वाचताच ठेवून दिलेले असते. साधारणतः त्यात खरेदी करणाऱ्याला आपल्या संगीतात ते आवाज वापरण्याची मुभा असते. डिस्कची नक्कल वाटण्याची किंवा विकण्याची नसते. कंपनी बंद पडली म्हणून हक्क संपत नाहीत. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. स्वतःच्या डिस्कची प्रतिमा सुरक्षिततेसाठी जपणे आणि ती इंटरनेटवर टाकून देणे, यांत महदंतर आहे.

घरी तयार केलेल्या फ्लॉपीचा प्रश्न अधिक नाजूक. तिच्यावर 'ढोलकी - काळी दोन' एवढेच लिहिलेले असते. ढोलकी कोणी वाजविली ते नसते. वादकाच्या हक्काला भारतीय कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने स्थान मिळाले. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक भर पडली : आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे, असे म्हणण्याचा अधिकार वादकाला मिळाला. माळ्यावरच्या बहुतेक फ्लॉप्या त्याआधीच्या. त्या वेळी चहा-नाश्ता आणि थोडे मानधन, एवढ्यावर व्यवहार पुरा होई. तोच 'घे' नंतर किती कॅसेटमध्ये, किती आरत्यांत, किती मिरवणुकांत वाजला असेल, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

आता बाजारात 'भारतीय आवाजां'ची टंचाई राहिलेली नाही. यामाहाने येथील ग्राहकांसाठी भारतीय वाद्यांचे आवाज असलेले कीबोर्ड काढले, रोलँडच्या 'एक्सपीएस-१०' मध्ये पेनड्राइव्हवरून स्वतःचे आवाज भरता येतात, आणि ढोलकी-हलगीचे तयार संच मोबाइलवर फिरत असतात. त्यांतील कित्येक आवाज एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर, तेथून पेनड्राइव्हवर अशा नकलांच्या नकला होत आले आहेत. प्रत्येक नकलेत लेबल थोडे छोटे झाले आणि शेवटी 'ढोलकी १', 'ढोलकी २' एवढेच उरले.

इंद्रलोकमधील त्या काल्पनिक घरात माळ्यावरून उतरलेल्या डब्याचे म्हणूनच दोन भाग करावे लागतील. फ्लॉप्यांचा भाग तंत्रज्ञाचा. त्याला आठवडाभर पुरेल आणि तो बहुधा यशस्वी होईल. दुसरा भाग डब्याच्या मालकाला विचारण्याचा : ही ढोलकी कोणाची, हे व्हायोलिन कोठे मुद्रित केले, कोणत्या कार्यक्रमासाठी, कोणत्या साली? ही उत्तरे कोणतेही सर्किट चकतीवरून वाचू शकत नाही. ती फक्त माणसाच्या आठवणीत असतात. ज्या पिढीने या डिस्क तयार केल्या ती आता साठी-सत्तरीत आहे. डिस्क-प्रतिमेच्या प्रत्येक फाइलसोबत एक साधी वही ठेवावी आणि तीत फ्लॉपीचा क्रमांक, लेबलावरील मजकूर, साल आणि वादकाचे नाव लिहावे. फॉरमॅटच्या प्रश्नाला 'नाही' म्हटल्यानंतर करण्याचे पहिले काम तेच.